[मंडळ-यादी] मदत हवी: मागच्या शॉकॲब्सॉर्बरच्या बोल्टचे आटे गेले

नमस्कार मंडळी,

विषय मंडळाचा नाही, पण यादीवर हात काळे केलेली माणसं बरीच आहेत म्हणून विचारतोय. गाडीचा मागचा शॉकॲब्सॉर्बर बदलायला घेतलाय. त्याचा खालचा बोल्ट नकलमध्ये जातो, म्हणजे चाकाचा हब ज्यावर बसतो त्या ॲल्युमिनियमच्या ओतीव भागात. अर्धा नीट सुटला, मग करकरायला लागला आणि बाहेर आला तो आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळूनच. भोकाच्या तोंडाशी पांढरी पूड आहे.

बोल्ट एम12 (12 मिमी जाड), पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1.5 मिमी, डोक्यावर 10.9 (मजबुतीचा दर्जा) लिहिलंय. भोक आरपार, आट्यांची लांबी 25 मिमीच्या आसपास. नवा बोल्ट नुसता गरगर फिरतो. इपॉक्सी पुट्टी भरून पुन्हा आटे पाडता येतील का? मित्र म्हणतो, सरळ 14चा बोल्ट ठोक. फोटो जोडलेत.

———

पुन: मदत हवी

फोटो फार जड आहेत, निम्म्या लोकांची मेलपेटी भरली. पुढच्या वेळी लिंक द्या. बाकी जाणकार सांगतीलच.
— सचिव

———

पुन: मदत हवी

अरे, पुट्टी डोक्यातून काढून टाक. त्या बोल्टने शॉकच्या रबरी बुशातली लोखंडी नळी नकलवर आवळून धरायची असते. खड्ड्याचा प्रत्येक दणका तिथून जातो. पुट्टी तो ताण धरत नाही, आज आवळलं तर उद्या सैल. 14चाही विचार नको. नळीचं भोक 12चं आहे, ते वाढवलंस तर नळीच पातळ होईल.

पांढरी पूड म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. पोलादी बोल्ट, ॲल्युमिनियमचं भोक आणि रस्त्यावरचं खारं पाणी एकत्र आलं की बोल्ट आत चिकटतो आणि सोडताना मऊ धातूचे आटे उपटून आणतो.

इथे हेलिकॉइल बसव. स्टेनलेसच्या चौकटी तारेची ती कुंडली असते, आतून एम12चे आटे तयार. किटवर छापलेल्या मापाचंच ड्रिल वापर (साडेबाराच्या जरा खाली असेल) आणि किटमधलाच टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार), साधा एम12चा चालत नाही. त्या टॅपचे आटे बाहेरून जवळजवळ 14 मिमीपर्यंत जातात, म्हणून भोकाभोवती पुरेसं मांस आहे का ते आधी व्हर्नियरने बघ.

सगळी मेख सरळपणात आहे. सुरुवातीलाच टॅपला गुण्या लाव, एकदा समोरून, एकदा बाजूने. दोन-तीन आटे पडले की मग तिरका टॅप सरळ होत नाही, उगाच जोर केलास तर मोडतो. रॉकेल किंवा कटिंग ऑइल सोडत राहा, अर्धा फेरा पुढे, पाव मागे, म्हणजे कीस तुटतो. नंतर भोक हवेने साफ कर. 24 मिमीची कुंडली घे. वरचं टोक पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा आटा आत राहू दे, आणि खालची आडवी जीभ पंचाने टकदिशी तोडून बाहेर काढ.

नीट बसली तर मूळच्यापेक्षा भक्कम होते, कारण ॲल्युमिनियममधले आटे आता मोठ्या व्यासाचे आणि बोल्ट घासतो स्टेनलेसवर.
— अप्पा

———

पुन: मदत हवी

अप्पांचं सगळं मान्य, पण सरसकट करू नका. मी या कामात आहे. भोक लंबगोल झालं असेल किंवा कडेला केसाएवढी जरी चीर दिसली तरी नकल बदलायची, चर्चा नाही. आणि कुणी हे वाचून बॉल जॉइंटच्या (चाकाजवळचा गोल सांधा) पिंच बोल्टवर, म्हणजे त्याचा दांडा चिमटून धरणाऱ्या बोल्टवर, प्रयोग करू नका. तो बोल्ट दांड्याच्या खाचेतून जातो, त्याचं माप आणि रेषा जराही हलून चालत नाही. शॉकच्या बोल्टला मात्र मीही हेलिकॉइलच म्हणेन. तारेऐवजी सबंध धातूची बुश मिळते ती मला जास्त आवडते, पण तिला भोक आणखी मोठं लागतं.
— ताई

———

पुन: मदत हवी

अप्पा, ताई, आभारी आहे. चीर नाही, भोक गोल आहे. भोक आरपारच आहे तर लांब बोल्ट घालून मागून नट लावला तर? टॅपची भानगडच नको. आणि बोल्टला ग्रीस लावू का, पुन्हा चिकटू नये म्हणून?

———

पुन: मदत हवी

मागची बाजू हाताने चाचपून बघ. ओतीव भाग असल्याने ती बहुधा उतरती असेल. नट एका कोपऱ्यावर टेकला की बोल्ट वाकतो आणि टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) खोटं बोलतो. तिथे सपाट मशीनिंग असेल तरच नटाचा विचार कर.

ग्रीस किंवा अँटिसीझ (बोल्ट चिकटू नये म्हणून लावायची पेस्ट) लावलंस तर मॅन्युअलमधला टॉर्कचा आकडा जसाच्या तसा वापरू नकोस. घर्षण कमी झालं की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. मॅन्युअलमध्ये कोरडा सांगितला असेल तर आटे कोरडेच ठेव, फक्त आट्यांच्या वरच्या गुळगुळीत दांड्याला हलका हात फिरव. बोल्ट नवाच घे, तोही 10.9चाच.

आणि शेवटचं आवळणं गाडी जॅकवर लटकत असताना नको. चाक खाली लोंबत असताना आवळलंस तर रबरी बुश त्याच स्थितीत पकडला जातो, गाडी खाली घेतल्यावर कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. गाडी चाकांवर उभी कर, मग पाना लाव.

टॅपचा दांडा माझ्याकडे आहे, पाहिजे तर घेऊन जा.
— अप्पा