मदत हवी आहे: जुन्या एमटीबीला हलकी चाकं (२६ इंची, रिम ब्रेक), सोलापूर

विजापूर_रोड

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे ट्रेक ८२० ही एमटीबी (माउंटन बाइक) आहे. मावसभावाने १९९०च्या दशकात अमेरिकेहून आणली होती. तो परत गेला, सायकल इथेच राहिली. क्रोमोलीची (म्हणजे स्टीलचीच) फ्रेम, साधा चिमटा (सस्पेन्शन नाही), कँटिलिव्हर ब्रेक (रिमच्या कडेला घासणारे), पुढे तीन आणि मागे सात गिअर. बरीच वर्षं माळ्यावर पडून होती. दोन वर्षांपूर्वी उतरवली, ओव्हरऑइल करून घेतली आणि आता रोज सकाळी हिप्परगा तलावापर्यंत जाऊन येतो.

कोजागिरीला तुळजापूरला चालत जायचा आमचा जुना नेम. गुडघ्याने नकार दिल्यापासून तो मोडला. यंदा आधीच्या एखाद्या रविवारी सायकलवर जाऊन यावं म्हणतोय. एका बाजूचे पंचेचाळीसेक किलोमीटर. सपाटीचं काही वाटत नाही, पण शेवटच्या घाटात मागून कुणीतरी ओढून धरल्यासारखं होतं.

मागची मूळ रिम खड्ड्यात आपटून वाकली होती, तेव्हा एका दुकानात स्टीलची बसवून दिली. "काका, आता आयुष्यभर बघायला नको." खरंच बघवत नाही. पावसात ब्रेक दाबला की चाक आधी विचार करतं, मग थांबतं.

तर हलकी चाकं घालायची आहेत. तयार जोडी घ्यावी की नुसती रिम बदलावी? बजेट सहा-सात हजार. एका ओळखीच्या पोराने २७.५ची चाकं सुचवली, "२६ आता कोण वापरतं" म्हणे. बसतील का?

---

चाकोरी

२७.५चा विचार सोडा. तुमच्या रिमचा व्यास, म्हणजे टायरची कड जिथे बसते तिथला, ५५९ मिमी. २७.५चा ५८४. म्हणजे ब्रेकचं रबर साडेबारा मिमी वर न्यावं लागेल, आणि कँटिलिव्हरला तेवढी जागाच नसते. मी हा उद्योग करून बसलोय. मागवली, खोकं उघडलं, रिम चिमट्यात धरून बघितली आणि तशीच परत पाठवली. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ४७-५५९, ५४-५५९ असं काही लिहिलेलं असतं. त्यातला ५५९ जुळला पाहिजे, २६ हा आकडा नव्हे. २६ नावाची वेगवेगळ्या व्यासाची टायरं बाजारात आहेत.

दुसरं, काही घेण्याआधी चाक काढून काट्यावर ठेवा. टायर-ट्यूब वेगळं, उरलेलं चाक वेगळं. आकडे इथे टाका, मग बोलू.

---

पेठेतला_पंक्चर

तयार जोडी घेणार असाल तर एक सांभाळा. २६ इंचात आता जी बरी चाकं मिळतात त्यातली पुष्कळशी डिस्क ब्रेकची असतात. त्या रिमला कडेला ब्रेक घासायची सपाट पट्टीच नसते. दिसायला झकास, हबही (चाकाचा मधला भाग) तुमच्या फ्रेममध्ये बसेल, आणि थांबायला पाय लावावे लागतील.

मागचं चाक बसतं तिथली फ्रेमची आतली रुंदी पण मोजा. त्या काळातल्या एमटीबीला १३५ मिमी असते, त्याआधीच्या काहींना १३०. तुमची स्टीलची फ्रेम आहे, पाच मिमी ताणून घेते.

---

विजापूर_रोड

मोजलं. फ्रेमची रुंदी १३५. वजन शेजारच्या किराणा दुकानात केलं, त्याने शेंगदाण्याचं पोतं बाजूला करून काटा मोकळा दिला. मागचं चाक सगळं मिळून ३ किलो ६५० ग्रॅम. त्यात टायर (२.१ इंची, जाड खड्यांचा) ९४०, ट्यूब २१०. आणि टायरच्या आत एक जुनी ट्यूब कापून पसरलेली निघाली, १९० ग्रॅम. बाभळीच्या काट्यांसाठी मीच घालून घेतली होती, विसरलो होतो.

कॅसेट (मागच्या गिअरची चक्रं) ४३० भरली. हब ३६ भोकांचं आहे, मूळचंच, छर्रे बदलून घेतलेत, लोण्यासारखं फिरतं. पुढचं चाक मूळ अ‍ॅल्युमिनियमच्या रिमचं आहे, त्यात जुनी ट्यूब नाही, टायर मात्र तसाच.

---

चाकोरी

मग झालंच की! कॅसेट वजा करून १८८० उरतात. ३६ स्पोक अडीचशे ग्रॅम धरा, हब सहाशेच्या आसपास. म्हणजे रिम एक किलोची आहे. अ‍ॅल्युमिनियमची डबल वॉल (दुहेरी भिंतीची) रिम साडेपाचशेच्या आत मिळते. हब चांगलं आहे तर तयार जोडीवर पैसे घालवू नका. ३६ भोकांची, ब्रेकच्या पट्टीची ५५९ रिम घ्या आणि त्याच हबवर चाक बांधून घ्या.

जुने स्पोक मात्र वापरू नका. स्टीलच्या सिंगल वॉल रिमला आणि डबल वॉलला लागणारी लांबी सारखी नसते. रिम हातात आल्यावर मापं घेऊन मग स्पोक कापायला सांगा. मागच्या चाकाला गिअरच्या बाजूचे एक-दोन मिमी आखूड लागतात, हे न सांगणारा कारागीर असेल तर दुसरा शोधा. दोन मिमी जाडीचे स्टेनलेस पुरेत.

---

घाटवाट

मी जरा वाकडं बोलतो, राग मानू नका. चाकाचं वजन म्हणजे दुप्पट वजन असं सगळे सांगतात. वेग घेताना ते जवळपास खरं आहे. पण घाटात तुम्ही वेग घेत नसता, एका लयीत रेटत असता. तिथे चाकातला एक किलो आणि पाठीवरच्या पिशवीतला एक किलो सारखाच. तुम्ही आणि सायकल मिळून नव्वद-पंच्याण्णव किलो असाल. दोन्ही चाकांत मिळून दीड किलो कमी झालं तर वीस मिनिटांच्या चढात वीसेक सेकंद वाचतील.

तुम्हाला ओढून धरतोय तो टायर. डांबरावर खड्यांच्या टायरचा तो जो घूंऽऽ आवाज येतो ना, ते तुमचेच कष्ट. १.५चा गुळगुळीत टायर घाला, दोन्हीकडे. त्यात साठ पौंड हवा (टायरवर लिहिलेल्या मर्यादेत), आणि मग सांगा. स्टीलची रिम बदलाच, पण ती ब्रेकसाठी बदला.

---

विजापूर_रोड

राग कसला! पण १.५चा टायर घालून काट्यांचं काय? हिप्परग्याच्या रस्त्याला आठवड्यात एक पंक्चर ठरलेलं असायचं, जुनी ट्यूब घातल्यापासून बंद झालं. आणि पावसाळ्यात काळ्या मातीतून जायची वेळ आली तर?

---

पेठेतला_पंक्चर

काळ्या मातीत कुठलाच टायर चालत नाही हो. खड्यांचा तर आधी भरतो, चिखल ब्रेकपाशी अडकतो आणि सायकल खांद्यावर येते. त्या दिवशी डांबर धरा.

काट्यांसाठी आत पंक्चररोधक पट्टा असलेला टायर बघा, साध्यापेक्षा शे-दीडशे ग्रॅम जास्त भरेल पण जुन्या ट्यूबसारखा आत सरकून घड्या पडणार नाहीत. व्हॉल्वची पिन निघणारी ट्यूब घेतली तर आत सीलंटही (भोक आतून बुजवणारं द्रव) ओतता येतं. आणि ट्यूब टायरच्या मापाचीच घ्या. २.१ची ट्यूब १.५मध्ये कोंबली की दुमडते आणि तिथेच फाटते. रिमचं भोक जाड व्हॉल्वचं आहे की बारीक, तेही आधीच बघा.

---

विजापूर_रोड

सगळ्यांचे आभार. ठरलं असं: मागे डबल वॉल रिम आणि नवे स्पोक, हब तेच. पट्ट्याचे १.५चे टायर दोन्हीकडे. रिम पुण्याहून मागवलीय, ३६ भोकांची आणि ब्रेकच्या पट्टीची आहे हे फोनवर दोनदा विचारून घेतलं, तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पलीकडचा हसला. जुनी ट्यूब काढून टाकलीय, मुलाने तिचे रबरबँड कापून घेतले.

आता एकच अडलंय. इथे चाकाचा आउट (वाकडेपणा) काढून देणारे पुष्कळ आहेत, पण सुट्या रिम-हबपासून चाक बांधून, दोन्ही बाजूंची मापं नीट धरून देणारा सोलापुरात कुणाच्या बघण्यात आहे का? सात रस्ता, अक्कलकोट रोड, कुठेही चालेल. पत्ता इथे न टाकता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.