गिरणगावचा कार्यक्रम करायचाय, सत्कार-भाषणांपलीकडे काय दाखवावं?

काळाचौकीकर
नमस्कार मंडळी. येत्या 1 मे रोजी आमच्या मंडळातर्फे मुंबईच्या कापड गिरण्या आणि गिरणी कामगारांवर दिवसभराचा कार्यक्रम करायचं ठरतंय. सकाळी काळाचौकीहून लालबागमार्गे परळपर्यंत चालत फेरी, संध्याकाळी चाळीच्या पटांगणात स्टेज. माझे आजोबा गिरणीत होते, पण माझा जन्म संपानंतरचा. भोंगा मी कधी ऐकलेला नाही. आतापर्यंतच्या बैठकांत ठरलं ते एवढंच: पाहुणे, पोवाडा, 1982 च्या संपाचे फोटो आणि जुन्या कामगारांना शाल-श्रीफळ. मला हे फार अपुरं वाटतंय. नवीन पोरांना गिरणी कळेल असं काय करता येईल?

साचेवाला
बाळा, शाल दे, पण आधी आमच्या हातात धोटा, म्हणजे मागाचं शटल, दे. मी संप होईपर्यंत साचाखात्यात होतो, साच्यावर म्हणजे मागावर कापड विणायचो. आम्हाला भाषण जमणार नाही, काम दाखवता येईल.

धोट्यातल्या कांडीवरचं सूत संपलं की साचा थांबवायचा, धोटा काढायचा, रिकामी कांडी टाकून भरलेली बसवायची, मग धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढून घ्यायचं. सुताबरोबर तूस, म्हणजे कापसाची बारीक धूळ, छातीत जायचं. हे सगळं झटक्यात, कारण पगार निघालेल्या कापडावर. साचा उभा राहिला की आपलं नुकसान. आवाज इतका की शेजारच्याशी ओठ हलवून आणि खुणांनी बोलायचो. दोन जुन्या साचेवाल्यांना स्टेजवर तसं बोलायला लावा आणि पोरांना ओळखायला सांगा, काय चाललंय ते.

आणि एक गोष्ट टाळू नका. तोंड लावलेला धोटा उष्टा होतो, म्हणून दलित कामगारांना साचाखात्यात घेत नसत. कमाई त्याच खात्यात जास्त. त्यांच्या वाट्याला त्रासनसारखी, म्हणजे सूत कातायची, कमी पगाराची खाती यायची. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठासून मांडला होता. लाल बावट्याचा अभिमान मलाही आहे, पण त्याच झेंड्याखाली उभ्या असलेल्या माणसांत हे चालत होतं. धोटा दाखवताना हेही सांगा, तिथेच, त्याच वेळी.

करीरोडची
काकांचं पटलं. पण दादा, तुमच्या यादीत एकही बाई नाही! वाइंडिंगमध्ये, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, बायका होत्या, त्यांच्यावर नायकीण, म्हणजे बाई मुकादम, असायची. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी 24 एप्रिल 1890 ला घेतलेल्या कामगारांच्या सभेत दोन बायका बोलल्या होत्या. त्या काळी! आज स्टेजवर एक तरी बोलू दे.

माझी आई खानावळ चालवायची. कोकणातून, घाटावरून आलेले गडी गाळ्यात राहायचे आणि जेवायला आमच्याकडे. एकाच खोलीत चूल, पंगत आणि आमचा अभ्यास. दुपारी साडेतीनला पहिली पाळी सुटली की पानं मांडायची, रात्री बाराला दुसरी सुटली की पुन्हा. सगळा हिशेब वहीत. प्रत्येक नावापुढे गिरणी आणि खातं लिहिलेलं आहे: साचा, त्रासन, कार्डिंग (कापूस पिंजायचं). 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, त्यानंतर जमेचा रकाना जवळजवळ कोरा आहे, जेवणाच्या खुणा मात्र रोजच्या रोज. आईने कुणाचं ताट बंद केलं नाही, त्यासाठी तिच्या बांगड्या गेल्या. अडीच लाख माणसं संपावर होती म्हणतात. त्यांतली कितीतरी अशा बायकांनी जगवली. 1975 साली प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्याचीही माहिती लावा.

वही अजून माझ्याकडे आहे. प्रदर्शनाला देते, फक्त नावं झाकून ठेवा. संध्याकाळी पाहुण्यांना वडापाव नको, खानावळीची पंगत घाला. स्वयंपाकाला आम्ही चौघीजणी येऊ.

परळवाला
1 मे ला सगळीकडे कार्यक्रम असतात, गर्दी विभागेल. त्याच्या आसपासचा रविवार घ्या. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती लोखंड्यांच्या लढ्यामुळे, 10 जून 1890 पासून. मुलांना हे सांगितलंत तर लगेच लक्षात राहील. फेरीत प्रत्येक थांब्यावर त्याच गिरणीतला माणूस बोलू दे, गाइड नको. पोलिसांची परवानगी आधी काढा. आणि म्हाताऱ्यांसाठी सोबत एक टेम्पो ठेवा, सगळ्यांना एवढं चालवणार नाही.

काळाचौकीकर
मनापासून आभार. रविवार आणि पंगत बैठकीत मांडतो, दोन्हींसाठी भांडेन. ताई, वही काचेखाली राहील, नावं झाकलेली असतील, शब्द देतो. काका, धोटा आणायचा कुठून? इथे तर सगळं भंगारात गेलं.

साचेवाला
भिवंडीला. तिथे धोट्याचे साचे अजून चालतात. मी येतो बरोबर, तुला बघून कळायचं नाही. कांड्या भरलेल्याच घ्यायच्या. आणि पोरांना हाताळू दे, पण तोंड लावू देऊ नकोस.