कोन्याचा कराताय मदरसा: ग्रुप सोडून एकटीने जावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन तुर्कस्तानला जायचंय. आमच्या सहलीत कप्पादोकियाहून पामुक्कलेला जाताना कोन्या लागतं, पण थांबा जेमतेम दोन तासांचा: जेवण आणि मेवलाना रूमींची समाधी. मला जायचंय ते कराताय मदरशात. विचारलं तर "ते आमच्या कार्यक्रमात नाही" एवढंच उत्तर मिळालं.

मी मातीची भांडी करते. सहा वर्षं तांब्याच्या ग्लेझमधून (भांड्यावरचा काचेसारखा लेप) फिरोजी रंग काढायच्या मागे आहे. शिशाच्या ग्लेझमध्ये तांबं हिरवं होतं, क्षाराच्या ग्लेझमध्ये फिरोजी, एवढं पाठ आहे. तरी भट्टी उघडली की बहुतेकदा मळकट हिरवंच हाती येतं. बिदरला महमूद गवानचा मदरसा (१४७२) पाहिला, तिथे बऱ्याच टाइल्स गळून गेल्यात. मिनारावर उरलेल्या निळ्या तुकड्यांसमोरून माझा पायच निघेना.

कराताय त्याहून दोनशे वर्षं जुना, १२५१ चा, सेल्जुक राजवटीतले अमीर (सरदार) जलालुद्दीन कराताय यांनी बांधलेला. १९५५ पासून तिथे टाइल्सचं संग्रहालय आहे. घुमटाला आतून फिरोजी, गडद निळ्या आणि काळ्या टाइल्सचे कापलेले तुकडे जोडून चांदण्यांची नक्षी केलीय. माथ्यावर झरोका, बरोबर खाली कुंड. शिवाय बेयशेहिर तळ्याकाठच्या कुबादाबाद राजवाड्यातून निघालेल्या चांदणीच्या आकाराच्या टाइल्स तिथेच आहेत, त्यांवर माणसं, पक्षी, प्राणी. मला त्यांच्या ग्लेझच्या कडा जवळून बघायच्यात, जिथे रंग ओघळून जाड होतो तिथे.

आता अडचण अशी. दोन तासांत जेवण सोडून समाधी आणि मदरसा दोन्ही होईल का? अंतर साधारण किलोमीटरभर दिसतंय, पण आईचे गुडघे दुखतात. ट्राम किंवा टॅक्सी पटकन मिळते का? की ग्रुपची सहल संपल्यावर अंकाराहून वेगवान रेल्वेने जाऊन एक रात्र तिथेच राहावं? तसं केलं तर शेजारचा इन्जे मिनारेली मदरसाही निवांत बघता येईल. माझा कल याच बाजूला आहे, कारण आईला एका दिवसात जाऊन-येऊन झेपणार नाही.

कुणी गेलं असेल तर सांगा, घुमटाखाली उजेड कोणत्या वेळी चांगला असतो, आणि आईला बसायला आत बाकडं आहे का?