मदत हवी आहे : कुत्र्याच्या विमानप्रवासासाठी क्रेट, उंचीवर घोडं अडलंय

मंडळी, आमच्या खंड्याला (गावठी, १९ किलो) पुण्याहून दिल्लीला कार्गोने न्यायचंय. सोलापूर ते पुणे आमच्याच गाडीने. रेल्वे सुचवू नका, तो पर्याय बघून झालाय. झोपेची गोळीही देणार नाही, डॉक्टरांनी साफ नाही म्हटलंय.

मापं अशी : नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत ७० सेंमी, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत ३०, खांद्यांची रुंदी २२. आयाटा म्हणजे विमान कंपन्यांची जागतिक संघटना, तिच्या सूत्राने (लांबीत निम्मा कोपर मिळवायचा, रुंदी दुप्पट) आतून ८५ बाय ४४ लागतो. तेवढा मिळतोय.

अडचण कानांची. डोक्यापर्यंत उंची ५७, पण कान ताठ, टोकापर्यंत ६४! इथल्या दुकानातला क्रेट बाहेरून ६६ आहे, आत टेप घातली तर ६० भरली. खंड्या आत उभा राहतो, फिरतोही. फक्त कान छताला टेकून दुमडतात. आयाटा डोकं किंवा कानाचं टोक, जे उंच ते धरतं. दुकानदार म्हणतो, "कान कोण मोजतंय हो?" त्याचं काय जातंय! पुढचा साइझ आमच्या मागच्या सीटवर मावत नाही, आकारमानामुळे भाडंही वाढेल.

प्लॅस्टिकच्या क्लिपा काढून लोखंडी नट-बोल्ट लावणार आहे, चाकंही काढणार.

ताठ कानांचा कुत्रा कोणी देशांतर्गत कार्गोने नेलाय का? काउंटरवर कानांपर्यंतची उंची खरंच बघतात, की डोकं मोकळं असलं की सोडतात?