मदत हवी आहे : तिखट 'लागतं' म्हणजे नक्की काय?

रविवारी कोल्हापुरात, आमच्या राजारामपुरीतल्या वाचनगटात २० मिनिटं बोलायचंय. उदाहरण तांबड्या रश्श्याचं. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या टीआरपीव्ही-१ या ग्राहीला, म्हणजे तिखट टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं (तो शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियसना २०२१चं नोबेल), तिथून संदेश मेंदूत. इथवर जमलं. पण नाकाडोळ्यांतून पाणी काढणारी ती जाणीव मुळात का होते? तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्सनी १९९५ मध्ये मांडलेला जाणिवेचा 'कठीण प्रश्न' हाच.

मित्र म्हणतो, ताऱ्यांची रासायनिक घडण कधीच कळणार नाही असं १८३५ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कोंतही म्हणाला होता. पंचवीसेक वर्षांत ताऱ्यांच्या प्रकाशाच्या वर्णपटाने कळली! तशी जाणीवही कळेल. झॉम्बीचा युक्तिवाद (शरीर-मेंदू हुबेहूब आपल्यासारखे, पण आत जाणीवच नाही असा माणूस कल्पिता येतो; म्हणजे जाणीव नुसत्या भौतिक वर्णनातून निघत नाही) सांगून पाहिला, तर गडी नुसता हसला. 'आत्मा' वगैरे नको, श्रोते बी.एस्सी.वाले आहेत. जाणिवेचा प्रश्न कोंतच्या ताऱ्यांहून वेगळ्या जातीचा आहे, हे दोन-तीन वाक्यांत कसं पटवू?