टू-फोटॉन इमेजिंग: सगळ्या पेशींची पसंतीची दिशा एकच कशी?

प्रश्न
उंदराचा प्राथमिक दृष्टी-कॉर्टेक्स, थर २/३. टू-फोटॉन सूक्ष्मदर्शक (लेझरने जिवंत मेंदूतल्या पेशी पाहणारा), जीकॅम्प६एस (पेशी सक्रिय झाली की जास्त हिरवं चमकणारं प्रथिन), ९२० नॅनोमीटरचा लेझर, रेझोनंट स्कॅनर (लेझर वेगाने फिरवणारा आरसा), सेकंदाला ३० फ्रेम. स्टिम्युलस म्हणजे सरकते पट्टे, ८ दिशा, ठरलेल्या क्रमाने. प्रत्येक दिशा २ सेकंद, मध्ये १ सेकंद करडा पडदा. जवळपास सगळ्या पेशी एकदमच उजळतात आणि बहुतेकींची पसंतीची दिशाही (जिला पेशी सर्वात जास्त प्रतिसाद देते ती) एकच निघते. मांजरासारखे स्तंभ (एकाच पसंतीच्या पेशींचे गट) उंदरात नसतात ना?

उत्तर १
नसतात. उंदरात वेगवेगळ्या दिशांच्या पेशींची सरमिसळ असते, त्यामुळे सगळ्यांची दिशा एकच दिसली की आधी उपकरणावर संशय घ्यावा. लेझरचं शटर बंद, पीएमटी (प्रकाश टिपणारा डिटेक्टर) चालू, तोच स्टिम्युलस दाखवा. फ्रेमची सरासरी उजळता स्टिम्युलसबरोबर हलली तर पडद्याचा उजेड डिटेक्टरमध्ये शिरतोय. हिरव्या चॅनेलचा फिल्टर साधारण ५०० ते ५५० नॅनोमीटर सोडतो आणि पडद्याचा हिरवा रंग बराचसा त्यातच येतो. ऑब्जेक्टिव्हपासून (सूक्ष्मदर्शकाचं भिंग) हेडप्लेटपर्यंत (उंदराच्या कवटीवर बसवलेली पट्टी) काळा शंकू बसवा. उजेड बहुतेकदा हेडप्लेटच्या कडेच्या फटीतूनच येतो. पडद्याचं गॅमा करेक्शनही (उजळता दिलेल्या आकड्याच्या प्रमाणात आणणं) तपासा, नाहीतर करडा पडदा आणि पट्टे यांची सरासरी प्रकाशमानता जुळत नाही.

उत्तर २
एकच दिशा निघण्याचं कारण मला ठरलेल्या क्रमात दिसतं. जीकॅम्प६एसचा सिग्नल एकाच स्पाइकनंतरही (पेशीचा विद्युत ठोका) अर्ध्यावर यायला अर्धा सेकंद घेतो, स्पाइकची माळ असेल तर आणखी जास्त. १ सेकंदात तो विझत नाही आणि आधीच्या दिशेचं शेपूट पुढच्या दिशेच्या खात्यात जातं. मध्ये ४ सेकंद ठेवा, क्रम दर वेळी यादृच्छिक करा, कोऱ्या पडद्याच्याही चाचण्या मिसळा. पसंतीची दिशा विषम चाचण्यांवरून ठरवा आणि प्रतिसाद सम चाचण्यांवर मोजा. एरवी निव्वळ नॉइजमधूनही सुंदर ट्यूनिंग निघतं.

न्यूरोपिलचा (पेशींभोवतीचं तंतूंचं जाळं) उजेडही वजा करा. पेशीच्या कडेपासून २-३ मायक्रॉन सोडून सुमारे २० मायक्रॉनपर्यंतचं कडं घ्या, त्यातून इतर पेशी वगळा, कड्याचा सिग्नल वजा करण्याआधी ज्याने गुणायचा तो गुणक ०.७ पासून सुरू करा. वजाबाकीनंतर बेसलाइन शून्याजवळ गेली तर डेल्टा एफ भागिले एफ (बेसलाइनच्या तुलनेत उजेडातला बदल) भलतंच फुगतं, म्हणून न्यूरोपिलचा मध्यक पुन्हा बेरजेत घ्या. खाली जाणारे उलटे ट्रान्झियंट (सिग्नलमधले क्षणिक बदल) दिसले तर त्या पेशीसाठी गुणक जास्त झालाय.

प्रश्नकर्ता
शटर बंद असताना सरासरी हलतेच आहे. शंकूनंतर कमी झाली, पण गेली नाही.

उत्तर १
मग पडद्याचा एलईडी बॅकलाइट स्कॅनरला जोडा. प्रत्येक ओळीच्या टोकाला आरसा वळताना डेटा घेतला जात नाही; बॅकलाइट तेवढ्याच वेळात लावा. पडदा मंद होईल, त्यामुळे गॅमा पुन्हा मोजावा लागेल.