बाळाला आजोबांचं नाव ठेवावं की नवं? (बारसं रविवारी आहे)

गोदाकाठची
भावाला मुलगा झालाय, आज नववा दिवस. आमचे बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांचं नाव दत्तात्रेय, गावात सगळे दत्तूअण्णा म्हणायचे. नातवाला तेच नाव ठेवावं अशी आईची फार इच्छा आहे आणि माझीही. पूर्वी कितीतरी घरांत थोरल्या नातवाला आजोबांचंच नाव जायचं, एक पिढी सोडून ते परत अंगणात खेळायचं. भाऊ-वहिनीनं मात्र 'रेयांश' ठरवलंय. त्यातला 'अंश' मला कळतो, पण 'रेय' म्हणजे काय ते कुणी सांगेना. एका ॲपवर 'प्रकाशाचा किरण' लिहिलंय, दुसऱ्यावर 'विष्णूचा अंश'. पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात नाव मी सांगायचंय. ज्याचा अर्थ मलाच ठाऊक नाही, ते कसं सांगू? माझं मत पक्कं आहे. नाव घरातलं असावं, ते नाही तर निदान अर्थाचं तरी.

दोन पिल्लांची आई
अजिबात पटलं नाही. कानात कुर्र करायचा मान आत्याचा, नाव ठरवायचा हक्क आईबापाचा. माझ्या थोरल्याला सासऱ्यांचं नाव ठेवलं. सासूबाई नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मी सासऱ्यांचं घेत नाही, मग घरात सगळे त्याला 'बाळ' म्हणू लागले. बालवाडीत बाईंनी हजेरीला खरं नाव पुकारलं तर पोरगं गप्प बसून. आपलं नाव तेच, हे त्याला माहीतच नव्हतं! हे काही आजचं नाही. टिळकांचं मूळ नाव केशव होतं, पण जग ओळखतं ते बाळ गंगाधर म्हणून. धाकट्याचं नाव मी माझ्या आवडीनं ठेवलं. त्याला मी मोठ्यानं हाक मारते, रागावते, लाडानं मोडून म्हणते. हे सुख तुमच्या वहिनीला का नको?

गोदाकाठची
हा विचार माझ्या मनात आला नव्हता, खरंच. पण आमची आई बाबांना नावानंच हाक मारायची. आमच्या घरात ती अडचण नाही.

दोन पिल्लांची आई
तुमच्या आईला नसेल. वहिनीला विचारलंत का?

दीक्षाभूमीजवळचा
'घरातलं नाव' हा शब्द सगळ्यांना सारखा गोड लागत नाही, एवढंच सांगायला आलो. माझ्या आजोबांचं नाव कचरू, पणजोबांचं धोंडू. आधीची मुलं दगावली की काळाची नजर पडू नये म्हणून अशी नावं बऱ्याच समाजांत ठेवत. आमच्या वस्तीत त्याला आणखी एक कारण होतं, आमच्या पोराचं नाव चांगलं असलेलं गावाला खपत नसे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली आणि घराघरांत सिद्धार्थ, राहुल, गौतम, आनंद जन्मले. माझे वडील मिलिंद. भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या राजाचं ते नाव, आणि बाबासाहेबांनी औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाचंही. आजोबांवर जीव होता म्हणूनच आम्ही त्यांचं नाव पुढे चालवलं नाही. तेव्हा नवं नाव ठेवणाऱ्यांना नावं ठेवू नका. अर्थाच्या बाबतीत मात्र मी ताईंच्या बाजूनं आहे. आमच्या लोकांनी ती नावं निवडली ती अर्थासाठीच.

चरण आणि अक्षर
नक्षत्र कोणतं? चरणाक्षर कोणतं निघतं? ते न बघता नाव ठरवणं मला पटत नाही.

गोदाकाठची
हस्त, चौथं चरण.

चरण आणि अक्षर
म्हणजे पू, ष, ण, ठ मधला ठ. हाक मारायला 'ठ'चं नाव सापडणं कठीण. जन्मनाव पत्रिकेत राहू द्या, व्यवहाराचं नाव वेगळं ठेवा. पूर्वीपासून तसंच करत आलेत.

खडू-फळा
पहिलीच्या वर्गाला शिकवते. यंदा माझ्या वर्गात तीन विहान आहेत, आणि रियांश, अयांश, शिवांश एका बाकावर. हाक मारली की तिघं वळतात. आईबाप सांगतात, 'युनिक हवं होतं.' मागच्या वर्षी एक पांडुरंग आला, अख्ख्या शाळेत एकटा. पहिले दोन दिवस पोरं हसली, मग तोच सगळ्यांचा पांड्या झाला. त्याच्यावर सगळ्यांचा फार जीव. विहानला अर्थ आहे हो, पहाट. 'रेय'चा मलाही लागला नाही.

दाखला खिडकी
घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नाव वर्षभरात विलंब शुल्काशिवाय घालता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. एकदा घातलं की बदलताना मात्र राजपत्रापर्यंत धावाधाव होते. आणखी एक. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे आजोबांच्या नावाला लागूनच वहिनीचं नाव येणार. ते कसं वाटतं, तिला म्हणून पाहू द्या.

संधिविग्रह
दत्तात्रेय म्हणजे दत्त अधिक आत्रेय, अत्रींचा पुत्र. 'आत्रेय' ठेवा की. कानाला नवं लागतं, अर्थ स्वच्छ आहे, आणि आजोबांच्या नावाचा अर्धा भाग त्यातच आहे.

दोन पिल्लांची आई
हे सुंदर आहे. पण तेही वहिनीनं निवडलं तरच.

गोदाकाठची
काल रात्री वहिनीशी बोलले. बाळ मांडीवर होतं. ती म्हणाली, "ताई, अण्णांनी मला कधी आवाज चढवून हाक मारली नाही. त्यांचं नाव घेऊन मी याच्यावर कशी ओरडू?" मला बोलताच येईना. रेयांशवर ती अडून बसलेली नाहीच, तो भावाचा हट्ट. 'आत्रेय' तिनं दोनतीनदा म्हणून पाहिलं, मग स्वतःचं नाव पुढे जोडून म्हटलं. आईला मात्र ते पसंत नाही. "यांना आत्रेय कोण म्हणायचं? दत्तूच म्हणायचे सगळे," म्हणाली. तिचंही खरं आहे. रविवारपर्यंत भावाशी बोलते. दाखल्यावरचा रकाना सध्या कोराच ठेवलाय.